टँक बॅग घ्यायची आहे? आधी टाकी बघा, मग बॅग

टँक बॅग, म्हणजे मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीवर बसवायची बॅग, घ्यायला निघालेला माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो लिटरचा. दहाची घेऊ की वीसची? खरं तर हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आधी आपल्या गाडीची टाकी कशाची आहे ते बघायचं, मग हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीवर किती जागा उरते ते बघायचं, आणि त्यानंतर बॅगेकडे वळायचं. या क्रमाने गेलात तर बहुतेक बॅगा आपोआप बाद होतात आणि उरलेल्या दोन-तीनांतून निवडणं सोपं जातं.

बॅग हवीच कशाला, हेही एकदा स्वतःशी स्पष्ट करून घ्या. टाकीवरचं वजन गाडीच्या मध्याजवळ आणि दोन्ही चाकांच्या मधोमध असतं. तेवढंच वजन मागे टेल बॅगेत, मागच्या चाकाच्याही पलीकडे ठेवलं तर पुढचं चाक हलकं पडतं आणि वळणावर गाडी सुस्तावल्यासारखी वाटते. शिवाय टाकीवरचं सामान डोळ्यांसमोर राहतं आणि गाडीवरून न उतरता हाती लागतं. म्हणून माझं ठाम मत असं की टँक बॅगेत वाटेत लागणाऱ्या वस्तूच ठेवाव्यात. मुक्कामी पोहोचल्यावर लागणारे कपडे आणि बूट मागच्या बॅगेत किंवा सॅडल बॅगेत (सीटच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या बॅगेत) जाऊ द्या. एवढं ठरवलं की मोठ्या बॅगेचा मोह निम्मा कमी होतो.

पहिली पायरी: टाकीची तपासणी

घरात फ्रिजवर लावायचं साधं चुंबक असेल ते घ्या आणि टाकीवर चार-पाच ठिकाणी लावून बघा: मधोमध, झाकणाच्या पुढे, दोन्ही बाजूंच्या उतारांवर आणि मागे सीटजवळ. सगळीकडे घट्ट चिकटलं तर टाकी पोलादी पत्र्याची आहे आणि चुंबकी बॅग, म्हणजे चुंबकांनी टाकीला चिकटणारी बॅग, चालेल. कुठेच चिकटलं नाही तर टाकी ॲल्युमिनियमची असेल, किंवा वरून प्लॅस्टिकचं आवरण असेल. हल्लीच्या कितीतरी गाड्यांवर आपण ज्याला टाकी म्हणतो ते नुसतं आवरणच असतं, खरी टाकी त्याच्या आत दडलेली असते.

फसगत होते ती अर्धवट प्रकारात. मध्यभागी पत्रा आणि बाजूंना प्लॅस्टिकचे पॅनल. दुकानात मधोमध चुंबक चिकटतं, माणूस खूश होऊन बॅग घेऊन येतो, आणि बॅगेचे चुंबक असलेले पंख (टाकीच्या बाजूंवर पसरणारे तळाचे कापडी भाग) नेमके बाजूच्या प्लॅस्टिकवर पडतात. म्हणून चुंबक त्या पंखांच्या जागीच लावून बघायचं. टाकीवर जाड रबरी पॅड किंवा कापडी कव्हर असेल तर पकड कमी होते, हेही लक्षात असू द्या.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी बघून ठेवा. पेट्रोलच्या झाकणाभोवती स्क्रू असलेली कडी आहे का? असेल तर तिच्यावर बसणाऱ्या, बॅग अडकवायच्या रिंगचा पर्याय खुला राहतो. आणि रंग चकचकीत आहे की मॅट? मॅट रंगावर घासलेली जागा चमकायला लागते आणि ती पॉलिश करून पूर्ववत होत नाही.

दुसरी पायरी: हँडल आणि डोळ्यांची रेष

जी बॅग मनात आहे तिच्या लांबी-रुंदी-उंचीचा एखादा पुठ्ठ्याचा खोका शोधा, किंवा टॉवेल गुंडाळून तेवढा गठ्ठा करा. तो टाकीवर ठेवा, गाडीवर नेहमीसारखे बसा आणि हँडल डावीकडे शेवटपर्यंत, मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवा. दोन्ही टोकांना पोहोचल्यावर क्लच पूर्ण दाबता येतो का, एक्सिलरेटर मोकळा फिरतो का, अंगठा खोक्याला टेकतो का, हॉर्नचं किंवा इंजिन बंद करण्याचं बटण दाबलं जातं का, हे एकेक करून बघा.

सरळ रस्त्यावर यातलं काहीच जाणवत नाही. अडचण येते ती पार्किंगमध्ये, अरुंद जागेत गाडी फिरवताना. हँडल शेवटच्या टप्प्यात बॅगेला अडतं, गाडी ठरवल्याइतकी वळत नाही, वेग जवळपास शून्य असतो आणि गाडी एका बाजूला कलंडते. दुसरा धोका एक्सिलरेटरचा. पूर्ण वळणावर मनगट बॅगेला टेकलं की मूठ नकळत फिरते.

आता मान न वाकवता समोर बघा. वेगाचा काटा, इंडिकेटरचे दिवे आणि तेलाचा इशारा देणारा दिवा दिसतोय का? हेल्मेट घालून पुन्हा बघा, कारण हनुवटीकडचा भाग खालची नजर अडवतो. पुढे झुकून बसायच्या गाडीवर उंच बॅग छातीला टोचते. उभं राहून चालवायची वेळ येणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर ती मांड्यांच्या आणि पोटाच्या आड येते. या दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी बसकी, पुढे निमुळती होत गेलेली बॅग बरी.

तिसरी पायरी: बसवण्याची पद्धत ठरवणं

पट्ट्यांची बॅग कोणत्याही टाकीवर बसते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. पुढचा पट्टा हँडलच्या मागे, फ्रेमच्या पुढच्या नळीभोवती जातो आणि मागचे एक-दोन पट्टे सीटखाली फ्रेमला बांधले जातात. बहुतेक चांगल्या बॅगांमध्ये एक पातळ तळ गाडीवर कायमचा राहतो आणि वरची बॅग बकलने किंवा झिपने त्याला जोडली जाते. हा तळ वेगळा निघत नसेल तर दर वेळी सगळे पट्टे सोडत बसावं लागतं, त्यामुळे तशी बॅग मी सुचवणार नाही.

चुंबकी बॅग लावायला-काढायला दोन सेकंद लागतात. पण ती फक्त पोलादी टाकीवर चालते, आणि नुसत्या चुंबकाच्या भरवशावर वेगात जाऊ नये. जोराच्या वाऱ्यात किंवा खड्ड्यात एक पंख उचलला गेला की बाकीच्यांची पकड पटकन सुटते. पुढे बांधायचा सुरक्षा पट्टा बहुतेक बॅगांसोबत येतो, तो न चुकता लावा. चुंबकांपाशी काय ठेवू नये तेही आताच सांगतो. काळी चुंबकी पट्टी असलेली कार्डं आणि हॉटेलच्या खोलीची कार्डं निकामी होऊ शकतात. चिपवर परिणाम होत नाही. फोनमधलं होकायंत्र चुकतं, त्यामुळे थांबलेलं असताना नकाशावरचा बाण भलतीकडे तोंड करतो. जीपीएसने दाखवलेली जागा मात्र बरोबरच असते. शरीरात पेसमेकर किंवा तसं दुसरं उपकरण असेल तर चुंबकी बॅग घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण टाकीवर झुकताना किंवा बॅग कडेवर धरताना ती चुंबकं छातीच्या अगदी जवळ येतात.

रिंगची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते. पेट्रोलच्या झाकणाभोवतीच्या कडीवर एक रिंग स्क्रूने बसवतात आणि बॅगेच्या तळाशी तिला अडकणारा जोड असतो. गिव्ही कंपनीचं टँकलॉक आणि एसडब्ल्यू-मोटेकचं क्विक-लॉक ही याची परिचित उदाहरणं. बॅग टाकीला टेकत नाही किंवा जेमतेम टेकते, त्यामुळे रंग वाचतो, आणि टाकी प्लॅस्टिकची असली तरी फरक पडत नाही. मर्यादा अशी की रिंग गाडीच्या मॉडेलनुसार वेगळी असते. भोकांची संख्या आणि त्यांमधलं अंतर जुळायलाच हवं. एका कंपनीची रिंग दुसऱ्या कंपनीच्या बॅगेला बसेल असंही धरून चालू नका.

व्हॅक्यूम कपांनी चिकटणाऱ्या बॅगाही मिळतात. धूळ, ऊन आणि मॅट रंग यांपैकी एक जरी असलं तरी कप सुटतात. लांबच्या प्रवासासाठी त्या नकोत.

चौथी पायरी: आकार आणि बारकावे

आता लिटरचा प्रश्न. चार ते आठ लिटरमध्ये कागदपत्रं, पाकीट, फोनचा चार्जर, पातळ हातमोजे आणि पाण्याची छोटी बाटली मावते. दहा ते पंधरा लिटरमध्ये त्याशिवाय रेनकोट आणि छोटा कॅमेरा जातो. वीस लिटरच्या पुढची बॅग भरली की समोर भिंत उभी राहते, आणि जागा आहे म्हणून ती भरली जातेच. पहिलीच बॅग घेत असाल तर झिप उघडून वाढणारी लहान बॅग घ्या आणि वाढवायची सोय फक्त थांब्यावर वापरा, गाडी चालवताना नको.

बॅग हातात घेऊन बघायच्या गोष्टी अशा. तळ मऊ आणि न सरकणारा हवा, आणि त्यावर शिलाईचा जाड काठ किंवा धातूची कडी बाहेर आलेली नसावी. बाजू ताठ हव्यात, नाहीतर रिकामी बॅग वाऱ्यात कोलमडते. हातमोजे घालून झिप ओढून बघा. ओढायला दोरीचा फास नसेल तर स्वतः घाला. झिप चालकाच्या बाजूने उघडते की पुढून, हे बसून करून बघितल्याशिवाय कळत नाही. वजनाची मर्यादा बॅगेच्या लेबलवर किंवा माहितीपत्रकात दिलेली असते, ती बघा. ती सहसा काही किलोचीच असते.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विसंबू नका. तोंड गुंडाळून बंद होणारी, वेल्ड केलेल्या (न शिवता उष्णतेने सांधलेल्या) जोडांची बॅग खरोखर पाणी अडवते. साध्या झिपची आणि शिवलेली बॅग शिलाईतून पाणी घेतेच, म्हणून तिच्यासोबत रेनकव्हर येतं.

पाचवी पायरी: पहिल्यांदा बसवणं

हे काम घरी, उजेडात, घाई नसताना करा. टाकी धुवा, पुसा आणि पूर्ण कोरडी करा. बॅगेचा तळही पुसा. बॅग आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली धूळ इंजिनाच्या कंपनांबरोबर पॉलिश पेपरसारखी काम करते. टाकीवर ओरखडे पाडते ती हीच धूळ, बॅगेचं कापड क्वचितच. तळ जिथे टेकणार तिथे पारदर्शक संरक्षक फिल्म लावली तर उत्तम. चुंबकी बॅग असेल तर त्या जागी फिल्म पातळच लावा.

पुढचा पट्टा घालताना सगळ्यात जास्त वेळ द्या. हँडलखाली हात घातलात की तिथे केबल, ब्रेकची नळी आणि वायरिंगचा जुडगा एकमेकांशेजारून जाताना दिसतो. पट्टा फक्त फ्रेमच्या नळीभोवती यायला हवा, या सगळ्यांच्या आतून. त्यांच्यावरून पट्टा ओढलात तर हँडल वळवताना केबल ताणली जाते. अशा वेळी गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवलं की इंजिनाचा आवाज वाढू शकतो. तसं झालं तर ताबडतोब पट्टा काढून पुन्हा घाला. पट्टा पुढच्या चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) फिरत्या भागाला मुळीच बांधू नका.

ओढून बसवल्यावर पट्ट्यांची टोकं लोंबत राहतात. ती गुंडाळून वेल्क्रोने किंवा रबरबँडने बंद करा. मोकळं टोक वाऱ्यात फडफडून रंग खराब करतं, गरम इंजिनावर पडून वितळतं, किंवा हँडलच्या फटीत अडकतं.

रिंग बसवणाऱ्यांसाठी थोडं जास्त. झाकणाच्या कडीवरचे सगळेच स्क्रू खरे नसतात, काही नुसते शोभेचे असतात, म्हणून माहितीपत्रकात दाखवलेलेच काढा. झाकण बंद ठेवूनच काम करा. ते उघडावंच लागलं तर टाकीच्या तोंडावर जाड, स्वच्छ कापड पसरून ठेवा, कारण आत पडलेला स्क्रू काढण्यासाठी कधी कधी टाकी उतरवावी लागते. नवे स्क्रू आधी हाताने दोन-तीन वेढे फिरवा. आट्या जुळल्याची खात्री झाली की छोट्या पान्याने समसमान आवळा, जोर लावू नका. शेवटी किल्ली घालून झाकण पूर्ण उघडतं आणि बंद होतं का ते बघा.

सहावी पायरी: काय भरायचं, काय नाही

जड वस्तू तळाशी आणि मध्यभागी, हलक्या वर. पटकन लागणाऱ्या वस्तू सगळ्यात वरच्या कप्प्यात. रेनकोट वरच ठेवा, पाऊस सुरू झाल्यावर तो तळातून उपसायला लागू नये.

यापुढचं मात्र काळजीपूर्वक वाचा. पाने, कुलूप, कॅमेऱ्याचा ट्रायपॉड, चाकू अशी टणक किंवा टोकदार वस्तू टँक बॅगेत ठेवू नका. समोरून धडक झाली की चालक सीटवरून पुढे सरकतो आणि त्याचं ओटीपोट, जांघ आणि कंबरेचं हाड टाकीवर आदळतं. या प्रकारची इजा मोटरसायकल अपघातांत डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे. त्या वाटेत मऊ रेनकोट असणं आणि लोखंडी पाना असणं यात मोठा फरक आहे. हत्यारं सीटखाली किंवा मागच्या बॅगेत ठेवा. कॅमेरा न्यायचाच असेल तर त्याच्या आणि पोटाच्या मध्ये कपड्याची जाड घडी हवी.

स्टोव्हचे गॅसचे डबे आणि सुटं पेट्रोल टाकीवर नको. खाली इंजिन तापलेलं असतं आणि वरून ऊन पडतं. पॉवर बँकही पारदर्शक खिशात, थेट उन्हात ठेवू नका. लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही.

सातवी पायरी: मोकळ्या जागेत चाचणी

भरलेली बॅग लावून, रहदारी नसलेल्या मोकळ्या जागेत जा. आधी अगदी हळू इंग्रजी आठचा आकडा काढा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत नेत. मग थोड्या वेगाने जाऊन जोरात ब्रेक लावा. बॅग पुढे सरकली तर मागचा पट्टा सैल आहे. बाजूला कलली तर वजन एकीकडे गेलंय. चाचणीनंतर पट्टे पुन्हा ओढा, आणि प्रवासाच्या पहिल्या दहा-वीस किलोमीटरनंतर थांबून आणखी एकदा. नवे पट्टे सुरुवातीला थोडे सैलावतातच.

फोन, नकाशा आणि वीज

वरचा पारदर्शक खिसा मोहात पाडतो. कागदी नकाशासाठी तो छान आहे. फोनसाठी तितका नाही: बंद प्लॅस्टिकखाली ऊन लागून फोन तापतो, स्क्रीन मंद होते आणि शेवटी फोन बंद पडतो. शिवाय तो खिसा नजरेच्या फार खाली असतो. ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जाते. दोन सेकंद खाली बघितलं तर 33 मीटर रस्ता न बघता गेला. त्यामुळे वाट कानातल्या सूचनांवर ऐका, आणि नकाशा नीट बघायचा असेल तर थांबून बघा.

फोन बॅगेच्या आत, मऊ कप्प्यात ठेवण्याचा एक फायदा आहे. हँडलवर लावलेल्या फोनला इंजिनाची कंपनं थेट बसतात, आणि अशा कंपनांमुळे कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते असं ॲपलने 2021 मध्ये आपल्या ग्राहकांना जाहीरपणे कळवलं होतं. कापडात, फोममध्ये ठेवलेल्या फोनला ही कंपनं कमी पोहोचतात. ज्या कप्प्याखाली चुंबक आहे तो कप्पा मात्र टाळा.

गाडीच्या बॅटरीवरून चार्जिंगची वायर घेणार असाल तर बॅटरीजवळ फ्यूज हवाच, आणि बॅगेपाशी ओढताच सुटणारा जोड हवा. नाहीतर पंपावर बॅग उचलाल आणि वायर तुटेल.

पेट्रोल पंपावर

मागचे बकल सोडून बॅग पुढे हँडलकडे उलटवता येत असेल तर तेवढं पुरे, पण ती पुन्हा मागे घसरून पंपाच्या नळीवर पडणार नाही याची खात्री करा. रिंगची बॅग सरळ काढून खांद्याला लावा. चुंबकी बॅग जमिनीवर कधीही ठेवू नका. तिचे पंख लोखंडाचा कीस आणि काळी वाळू ओढून घेतात, आणि तो थर तुम्ही परत टाकीवर दाबता. दर वेळी लावण्याआधी पंख उलटून तळहाताने चाचपा. खरखरीत लागलं तर चिकटपट्टी दाबून ओढा, कण तिच्यासोबत निघून येतात. पेट्रोल सांडलं तर बॅग लावण्याआधी पुसून वाळू द्या.

जुन्या किंवा साध्या गाड्यांमध्ये टाकीला हवा मिळण्याची वाट झाकणातच असते. बॅग त्यावर घट्ट दाबून बसली आणि काही अंतरानंतर इंजिन अडखळायला लागलं तर झाकण उघडून बघा. हवा आत ओढल्याचा सुस्कारा ऐकू आला तर बॅगेची जागा बदला.

पाऊस

रेनकव्हर बॅगेला दोरीने बांधून ठेवा. वेगात हवा भरली की ते फुग्यासारखं फुगतं आणि निसटून मागच्याच्या अंगावर जातं. कव्हर असलं तरी कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू आत वेगळ्या जलरोधक पिशवीत ठेवा. कव्हर घातल्यावर झिप उघडता येत नाही, म्हणून टोलचे सुटे पैसे किंवा पास पाऊस सुरू व्हायच्या आधीच जॅकेटच्या खिशात घ्या. ओली बॅग टाकीवर रात्रभर राहू देऊ नका. खाली अडकलेल्या ओलाव्याने रंगावर डाग पडतात.

नंतरची निगा

गाडी सोडून जाताना बॅग सोबत न्या. ती सहज निघते ती इतरांच्याही हातून. वापर नसेल तेव्हा तळही काढून टाका, कारण झाकलेला आणि उघडा रंग उन्हात वेगवेगळा उतरतो आणि टाकीवर बॅगेचा आकार उमटतो.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. वॉशिंग मशीन नको, आतले ताठ पुठ्ठे आणि जलरोधक थर खराब होतात. वाळली की झिपच्या दातांवरून मेणबत्ती फिरवा, पट्ट्यांच्या शिलाया आणि बकलचे दाते बघून घ्या. तडा गेलेलं बकल दिसलं तर पुढच्या प्रवासाआधीच बदला. चुंबकी पंख एकमेकांवर मिटवून, मध्ये स्वच्छ कापड घालून, बॅग कोरड्या जागी ठेवा.